चर्चगेटच्या रात्री व जांबची वरात

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्रास माहीत आहे. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या, रामनवमीस समर्थ येथें जन्मले. आणि पुढें बोहल्यावर उभे असतां 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच ते मांडवांतून निघून गेले, ही कथा आमच्याकडे घरोघरीं मुलांना सांगितली जाते. लग्नाशीं ज्या गांवाचें नातें असें पळून जाण्याचें, त्या गांवांतहि लग्नें धूमधडाक्यानें लागतात, आणि वरातीपुढें बँड असतोच. गेल्या वैशाखांत अशाच एका वरातीस आम्ही हजर होतों. गॅसबत्त्या जाऊन विजेचे दिवे आले आहेत, घोड्याच्या जागीं मोटार आली आहे. पण बँडवाल्यांनीं जी चाल धरली ती 'अलबेला' चित्रपटांतली, म्हणजे १९५१ सालची. ट्रंपेट वाजविणारा पोरगा विशीच्या आंतबाहेरचा, आणि नाचणाऱ्यांत आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं सहज विचारलें, "ही चाल कोणाची हो?" "सी. रामचंद्रांची. आपल्या पुणतांब्याचे ते," असें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें.

उत्तर खरें होतें, पण पुरें नव्हतें. चाल पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांची, यांत शंका नाहीं. परंतु त्या चालीच्या आगेंमागें जें ट्रंपेट वाजतें आणि ज्या ठेक्यानें म्हाताऱ्याचेहि पाय उचलले जातात, तें कोठून आलें? तें आलें मुंबईच्या अपोलो बंदर व चर्चगेट या भागांतील नाचघरांतून आणि नाइट-क्लबांतून. येथें पुष्कळ वाचकांच्या भुवया उंचावतील, हें आम्ही जाणतों. नाइट-क्लब म्हटला कीं आमच्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढें चित्रपटांतलाच देखावा उभा राहतो : धूर, पेले, खलनायक आणि त्याच्या टेबलाभोंवतीं नाचणारी कोणी तरी रोझी अथवा मोना. ज्या गृहांचा इतिहास आम्ही सांगूं इच्छितों तीं मुख्यतः जेवणाचीं व जोडीनें नाचण्याचीं ठिकाणें होतीं. आणि त्यांचें वैशिष्ट्य मद्य नसून, रोज रात्रीं समोर बसून वाजविणारा दहा-बारा माणसांचा जिवंत वाद्यवृंद हें होतें.

या इतिहासाचा आरंभ ताजमहाल हॉटेलापासून करावा लागतो. जमशेटजी टाटांनीं बांधविलेलें हें हॉटेल १९०३ सालच्या डिसेंबरांत उघडलें. त्याच किनाऱ्यावर हिंदी माणसास दारांतहि उभें न करणारे साहेबलोकांचे क्लब होते. ताजमध्यें मात्र ऐपत असलेल्या कोणासहि जातां येई. त्यामुळें तेथील नाचाच्या दिवाणखान्यांत लष्करी अंमलदार, संस्थानिक, पारशी व्यापारी आणि विलायतेहून परतलेले बॅरिस्टर हे एकाच लाकडी फरशीवर वावरत. आरंभीं तेथें विलायती व अँग्लो-इंडियन वाद्यवृंद वाजवीत. त्यांत केन मॅक यांचें नांव मोठें होतें. मग १९३५ सालीं एक निराळीच गोष्ट घडली. लिऑन ॲबी नांवाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपल्या कृष्णवर्णीय साथीदारांसह ताजमध्यें दाखल झाला, आणि खरें जॅझ संगीत मुंबईनें प्रथम तेव्हां ऐकलें. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड शांघायच्या वाटेनें आला. स्वदेशीं हीच माणसें गोऱ्यांच्या हॉटेलांत मागल्या दारानें शिरत, आणि वाजवून झालें कीं मागल्याच दारानें बाहेर पडत. गुलामगिरींत भरडलेल्या लोकांचें हें संगीत, मंदीच्या काळांत पोटासाठीं समुद्र ओलांडून, एका परतंत्र देशाच्या सर्वांत श्रीमंत दिवाणखान्यांत येऊन वाजूं लागलें! क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदानें १९३६ सालीं या हॉटेलाच्याच नांवाचें एक नृत्यगीत ध्वनिमुद्रित केलें. त्याचा कर्ता मीना सायलस हा मुंबईंतील बगदादी ज्यू. वेदरफर्ड पुढें कलकत्त्यास गेला आणि तेथेंच १९४५ सालीं पटकीनें वारला. हिंदुस्थानांत आलेला हा थोर वादक पुनः मायदेशीं गेला नाहीं.

परंतु अमेरिकेचे हे पाहुणे चार दिवसांचे. त्यांनीं लावलेलें रोप ज्यांनीं तीस वर्षें पाणी घालून वाढविलें, ते आमच्याच किनाऱ्यावरचे, गोमंतकाचे लोक होते. हें काम गोमंतकीयांसच कां साधलें, याचें कारण मोठें मौजेचें आहे. पोर्तुगीज अमलांतील गोव्यांत गांवोगांव चर्चला जोडून एक शाळा असे. तेथें गांवचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, लहान पोरांना देवळांतील प्रार्थनागीतांसाठीं स्वरलिपि शिकवी. हातांत व्हायोलिन येण्यापूर्वीं कागदावरचे स्वर मोठ्यानें वाचतां आले पाहिजेत, असा दंडक होता. वर्तमानपत्र वाचावें तसें संगीत वाचणारीं मुलें या शाळांतून निघत. आमच्याकडे त्याच सुमारास भातखंडे आणि पलुसकर हे दोन थोर पुरुष स्वरलेखनाच्या पद्धति सिद्ध करून लोकांच्या गळीं उतरविण्यासाठीं झटत होते, आणि आमचे बुवा "कागदावर का कुठें गाणें असतें?" म्हणून त्यांना हंसत होते. दोन्हीं बाजूंचें म्हणणें आपापल्या परीनें खरें. गुरुमुखाची विद्या कागदावर मावत नाहीं. पण वीस माणसांनीं एकाच क्षणीं निरनिराळे स्वर काढून एक इमारत उभी करावयाची असेल, तर कागदावांचून गत्यंतर नाहीं. ती विद्या मुंबईच्या आसमंतांत अवगत होती ती मुख्यतः या गोंयकारांस.

गोव्यांत नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ते मुंबईस येत. धोबीतलाव, चिराबाजार, माझगांव या भागांत गांवागांवांच्या 'कुडी' असत. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं वर्गणीनें चालविलेलें बिऱ्हाड. भिंतीशीं ओळीनें ट्रंका, कोपऱ्यांत गांवच्या संताची तसबीर आणि संध्याकाळीं सामुदायिक प्रार्थना. आमच्या गिरणगांवांतल्या कोंकणी गाळ्यांची व खाणावळींची ज्यांस माहिती आहे त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. त्या कुडींतून कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी बबर्जी, आणि ज्याच्या ट्रंकेंत व्हायोलिन असे तो मूकपटाच्या थिएटरांत, पोलीस-बँडांत किंवा हॉटेलांत वाजविण्यास जाई. आल्दोन्याचा अंतोनियो शाव्हियेर वाझ हा त्यांतलाच एक. त्याचा जन्म १९१६ चा. लुई आर्मस्ट्राँग या जगद्विख्यात ट्रंपेटवादकाच्या शैलींत तो इतका रंगून गेला कीं हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग हीच त्याची ओळख झाली, आणि 'चिक चॉकलेट' हें त्यानें धारण केलेलें नांव त्याच्या खऱ्या नांवास पुसून बसलें. ताजच्या शेजारींच ग्रीन्स नांवाचें हॉटेल होतें. तेथें त्याचा वाद्यवृंद वाजे. ताजमध्यें मिकी कुरैया यांच्या वाद्यवृंदानें १९३९ पासून १९६० पर्यंत, म्हणजे तब्बल एकवीस वर्षें, तळ दिला होता. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड याच मंडळींतले. १९४६ सालीं मसुरीस गांधीजींची भेट झाल्यावर, जॅझ वाजवावयाचें तर तें आपल्या देशाच्या ढंगानें, असा ध्यास त्यांनीं घेतला. महात्माजींच्या शिकवणीस आलेलीं फळें पुष्कळांनीं मोजलीं आहेत, पण हें फळ कोणाच्या मोजणींत आलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

युद्धकाळांत या नाचघरांस भर आला. बंदरांत गोऱ्या शिपायांचीं जहाजें लागत, आणि त्यांच्याबरोबर नव्या तबकड्या येत. मग युद्ध सरलें, इंग्रज गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ आली दारूबंदी.

हिचा पहिला प्रयोग १९३९ सालच्या १ ऑगस्ट रोजीं, पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या अमदानींत, मुंबई शहरांत झाला होता. पण तें मंत्रिमंडळ गेल्यावर तो ढिला पडला. १९४९ सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी अमलांत आली. मोरारजी देसाई तेव्हां गृहमंत्री होते. ज्यास प्रकृतीच्या कारणानें किंवा परदेशी असल्यामुळें परवाना मिळे, त्यानें हॉटेलांतील एका वेगळ्या खोलींत बसून प्यावें, अशी व्यवस्था झाली. आणि त्या खोलीस 'परमिट रूम' हें नांव पडलें. पुढें निर्बंध सैल होत गेले, पण मूळ कायदा फेरफारांसह चालूच आहे आणि तें नांव तर मुळींच गेलेलें नाहीं. जालन्याहून अंबडकडे किंवा कोठेंहि निघा, रस्त्याच्या कडेस 'परमिट रूम' ही पाटी दिसतेच. ती वाचणाऱ्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं हे दोन शब्द दारूच्या जाहिरातीचे नसून दारूबंदीचे आहेत!

या बंदीनें हॉटेलवाल्यांचा नफा घटला आणि वाजविणाऱ्यांच्या रात्री रिकाम्या पडूं लागल्या. साहेबलोक निघून गेले होतेच. नेमक्या त्याच वेळीं दादर, परळ, गोरेगांव, चेंबूर येथील चित्रपटसंस्थांत पडद्यामागून गाण्याची पद्धति स्थिरावली होती आणि गाण्यामागें मोठा वाद्यमेळ असावा अशी हौस सुरू झाली होती. कागदावरचे स्वर पाहतांक्षणीं वाजविणारी माणसें दुसरीकडे मिळणार कोठें? धोबीतलावाच्या अलीकडे प्रिन्सेस स्ट्रीटवर आल्फ्रेड नांवाचें एक इराण्याचें हॉटेल होतें. तेथें हीं मंडळी चहा पीत बसत, आणि स्टुडिओचीं माणसें तेथें येऊन उद्यांच्या ध्वनिमुद्रणासाठीं वादक ठरवीत. लाहोरचीं हॉटेलें फाळणीनें उठलीं, तेव्हां तेथें वाजविणारे सेबास्टियन डिसोझाहि याच प्रवाहास येऊन मिळाले. नीतिमत्तेसाठीं केलेल्या कायद्यानें नाचघरें ओस पाडलीं, आणि नाचघरांतला ठेका, चित्रपटाच्या वाटेनें, अगदीं सोंवळ्या घरांतल्या माजघरापर्यंत पोंचविला. मोरारजीभाईंच्या ध्यानींमनींहि हा परिणाम नसेल.

सी. रामचंद्र हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. अशा माणसाच्या कानास नाइट-क्लबांतील ट्रंपेट गोड लागावें, यांतच त्यांच्या प्रतिभेचें मर्म आहे. 'शहनाई' (१९४७) मधील त्यांच्या गाण्यांत परदेशी ठेका प्रथम बेधडकपणें वाजला. जुन्या रसिकांनीं नाकें मुरडलीं आणि गल्लीबोळांतल्या पोरांनीं तीं गाणीं पाठ केलीं. 'समाधि' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांच्या वेळीं चिक चॉकलेट त्यांच्या सोबत होता. 'अलबेला' निर्माण करणारे व त्यांत नाचणारे भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, हे गिरणगांवांत वाढलेले मराठी गृहस्थ. पुणतांब्याचा संगीतकार, गिरणगांवाचा नट आणि आल्दोन्याचा ट्रंपेटवाला, असा हा त्रिवेणी संगम होता. त्या चित्रपटांत चिकचा वाद्यवृंद पडद्यावर प्रत्यक्ष दिसतोहि. आपल्या वादकांस पडद्यावर आणण्याचें हें औदार्य त्या काळीं सर्वांनीं दाखविलें असें नाहीं.

कारण नेहमींचा शिरस्ता निराळा होता. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बसवी. ती ऐकून, कोणत्या ओळीमागें व्हायोलिनें यावींत, कोठें ट्रंपेटनें उत्तर द्यावें, दोन कडव्यांमधील जागा कशानें भरावी, हें सारें कागदावर मांडून प्रत्येक वादकापुढें त्याचा ताव ठेवणारा जो गृहस्थ, त्याचें नांव श्रेयनामावलींत आलेंच तर 'सहाय्यक' म्हणून बारीक टायपांत येई. वादकांचें तर येतच नसे. तबकडीवर गायकाचें व संगीतकाराचें नांव छापलें जाई. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझांच्या हातचा; हें तीं गाणीं जन्मभर गुणगुणणाऱ्या किती घरांत ठाऊक आहे? यावरून कोणी असें म्हणूं लागेल कीं संगीतकारांनीं गोमंतकीयांचें श्रेय लुबाडलें, तर तें आम्हांस मान्य नाहीं. चाल ही चालच. ती सुचावी लागते, आणि ती सुचणारांस सुचली होती. पण इमारतीच्या पायरीवर मालकाचें नांव कोरतांना गवंड्याचा हिशेबच ठेवूं नये, ही आपली जुनी खोड आहे. आमच्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनवाल्यांचीं व सारंगियांचीं नांवें तरी आम्ही किती जपलीं? बालगंधर्वांवर अश्रु ढाळणाऱ्या रसिकांनीं या प्रश्नाचें उत्तर स्वतःशींच द्यावें.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची हकीकत या बाबतींत चटका लावणारी आहे. हे व्हायोलिनवादक आणि शिक्षक. प्यारेलाल शर्मा त्यांचे शिष्य. पाश्चात्य वाद्यवृंदानें रागदारी वाजवावी या ध्येयानें त्यांनीं १९५८ सालीं पदरमोड करून एक मोठा वाद्यवृंद उभारला, आणि सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या चौकांत त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. हें स्वप्न टिकलें नाहीं. पुढें १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांव एका विनोदी गाण्यांत गोंवलें, आणि तें नांव देशांतल्या पोराटोरांच्या तोंडीं झालें. पण ही व्यक्ति खरोखरीच होती, हें कोणाच्या गांवींहि नव्हतें. गोन्साल्विस २०१२ सालीं गोव्यांत वारले. चित्रपटांत ज्यांचें नांव कधीं झळकलें नाहीं, त्यांना मिळालेली कीर्ति ही अशी.

इकडे चर्चगेटचीं नाचघरें मात्र दारूबंदीनें मेलीं नाहींत. बॅकबेच्या समुद्रांत भर घालून काढलेली ती जमीनच मुळीं नवी. १९३८ सालचें इरॉस थिएटर व भोंवतालच्या गोलाईदार सज्ज्यांच्या इमारती, ज्यांना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलें, त्या सर्व त्याच जमिनीवरच्या. ॲस्टोरिया हॉटेलांतलें 'व्हेनिस', ॲम्बॅसेडर, रिट्झ, बॉम्बेलीज, १९५६ सालीं उघडलेलें गेलॉर्ड, अशीं हीं ठिकाणें एका हांकेच्या अंतरांत होतीं. दिवसा स्टुडिओंत व्हायोलिन वाजवून थकलेला वादक रात्रीं येथें येई, आणि दिवसभर दुसऱ्याच्या कागदावरचें वाजविल्यावर मनांतलें वाजवून घेई. जॅझमध्यें प्रत्येकास आपली पाळी आली कीं स्वतःच्या कल्पनेनें आलापी करण्याची मुभा असते; आमच्या बैठकींतल्या बढतीशीं हिचें नातें किती जवळचें आहे, हें कोणी जाणकारानें कधीं तरी विस्तारानें लिहावें. साठाव्या सालानंतर 'व्हेनिस'मध्यें मडगांवचे क्रिस पेरी यांचा वाद्यवृंद आणि लोर्ना कोर्देरो या तरुणीचा आवाज यांनीं लौकिक मिळविला. या जोडीनें पुढें कोंकणी गीतांच्या ज्या तबकड्या काढल्या त्यांत चर्चगेटचें ट्रंपेट कोंकणी बोलूं लागलें, आणि गोंयकारांच्या लग्नांत तीं गाणीं अजून वाजतात. २०१४ सालीं निघालेला 'नाचुंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट त्यांच्याच जीवनावरून सुचलेला.

आम्ही स्वतः ही दुनिया पाहिली ती दाराबाहेरून. मुंबईस शिकावयास असतां, १९६९ सालीं असावें, चर्चगेटच्या एका उपाहारगृहापाशीं आम्ही दोघे मित्र थबकलों. दार उघडे तेव्हां संगीताचा एक लोट बाहेर येई, आणि मिटे तेव्हां मध्येंच कात्रीनें कापल्यासारखा तुटे. दारवानानें आमच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलें. बोलला कांहींच नाहीं. आम्ही समोरच्या बाजूस जाऊन कठड्यावर बसलों आणि शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत तीं तुटक गाणीं ऐकलीं. वसतिगृहांत परतल्यावर कोठें गेलां होतां म्हणून विचारणा झाली तेव्हां आम्हीं "कीर्तनास" असें उत्तर दिलें. तमाशास जाऊन आलेला मुलगा घरीं जें सांगे, तेंच. पिढ्या बदलल्या तरी सबबी त्याच राहतात!

पुढें तें सारें झपाट्यानें उतरणीस लागलें. दहा माणसांचा वाद्यवृंद पोसण्याऐवजीं एक यंत्र आणि चार तबकड्या ठेवणें हॉटेलवाल्यांस स्वस्त पडूं लागलें, डिस्कोथेक आलीं. चिक चॉकलेट १९६७ सालींच निवर्तला होता. ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागेवर १९७३ सालीं ताजचा उंच मनोरा उभा राहिला. १९७८ पासून कांहीं वर्षें रंगभवनांत 'जॅझ यात्रा' भरत असे. पण तो उत्सव झाला, रोजची रात्र नव्हे. ऐंशीच्या दशकांत स्टुडिओंतहि एकट्यानें वाजवावयाची विजेची वाद्यें आलीं, आणि तावांवर स्वर लिहिणारे हातहि रिकामे झाले. या सगळ्या मंडळींची कहाणी नरेश फर्नांडिस यांनीं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या २०१२ सालच्या इंग्रजी पुस्तकांत कसोशीनें जमविली आहे. मराठींत तसें पुस्तक कोणीं लिहिलें तर आम्ही तें विकत घेऊं, मागून नेणार नाहीं.

जांबच्या वरातींत बँड थांबल्यावर आम्हीं त्या ट्रंपेटवाल्या पोरास गांठलें. वाद्याची नळी उलटी करून तो आंतली वाफ झटकीत होता. हें कोणापासून शिकलास, म्हणून विचारलें. "बापापासून. त्यो आज्यापासून." कागदावर लिहिलेलें कधीं पाहिलें आहे काय? त्यानें नकारार्थी मान हालविली आणि हंसून म्हणाला, "कागद कशाला लागतो, काका? बोटांत बसलंय." आम्हीं त्याला चिक चॉकलेटचें नांव सांगितलें. तें त्यास फारच गमतीचें वाटलें. त्यानें मागें वळून ढोलवाल्यास तें दोनदां म्हणून दाखविलें. तेवढ्यांत नवरदेवाच्या मित्रांनीं पुनः गलका केला. पोरानें तोटी ओठांस लावली, आणि 'अलबेला'तली तीच चाल, या वेळीं अंमळ चढ्या लयींत, सुरू केली.